अण्णांच्या हातचं औषध

घरचा चमचा दाखवल्याशिवाय कंपाउंडर अण्णांनी कधी कुणाला औषध दिलं नाही. दवाखान्यात जाताना आपली रिकामी बाटली न्यायची, ही रीत त्या काळी सगळीकडेच होती. आमच्या यशवंतपूरच्या दवाखान्यात बाटलीबरोबर चमचाही न्यावा लागे. अण्णा खिडकीतून तो आत घेत, पाण्याने भरत, ते पाणी मापाच्या ग्लासात ओतत आणि डोळा बारीक करून रेघ बघत. एखादीचा चमचा डावाएवढा निघाला, की म्हणत, "अक्का, हे लेकराला द्यायचंय की म्हशीला?" बायका हसत, लाजत आणि दुसरा चमचा आणायला घरी परत जात. ज्याचं माप बरोबर, त्याच्या दांड्याला अण्णा लाल दोरा बांधून देत. यशवंतपुरात तेव्हा कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावलं असतं, तर एखादा तरी लाल दोऱ्याचा चमचा दिसला असता.

आम्ही साताऱ्याकडचे. ह्यांना बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली आणि लग्नानंतर पाचव्या वर्षी, एक वर्षाच्या मंजूला कडेवर घेऊन मी तिथे आले. एकोणीसशे साठच्या आगेमागेची ही गोष्ट. निघताना जो तो एकच सांगत होता, की त्या गावची हवा फार चांगली, पेन्शनर लोक मुद्दाम तिथे जाऊन राहतात. पेन्शनरांना ती मानवत असेल. माझ्या मंजूला मानवली नाही. आमचं घर बंगळूरच्या यशवंतपूर भागात, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत. धान्याची धूळ, मिरचीचा खकाणा, त्यात मार्च महिन्यात झाडं फुलली की मंजूला शिंका सुरू व्हायच्या. ओळीने वीस-वीस शिंका. मग नाक, मग डोळे लाल, आणि मग दम. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, गळ्याखाली खड्डा पडायचा आणि माझी पोर उंबरठ्यावर दोन्ही हात टेकून श्वास शोधत बसायची. मी तिच्यासमोर बसून रडायचे. दुसरं मला काही येत नव्हतं.

एक गोष्ट सांगायला हवी. मंजूच्या आधी मला एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा असताना दोन दिवसांच्या तापात तो गेला. तेव्हा सासरी कुणीतरी म्हणालं होतं, "आईला कळायला नको का?" कोण म्हणालं ते आता जाऊ दे. पण मंजूचा श्वास वाजायला लागला की ते वाक्य मला ऐकू यायचं, आणि ह्यांच्या तोंडूनही एक दिवस ते ऐकावं लागेल या धास्तीनेच मी दिवस काढत होते.

अण्णा निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, अशी त्यांची बोली. काटकुळा देह, आखूड बाह्यांचा सदरा, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं धोतर आणि कानावर पेन्सिल. मी पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा तोडक्या कन्नडमध्ये काहीतरी सांगायची धडपड करत होते. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, मराठीत बोला की. तुमचं कन्नड ऐकून लेकराला जास्त दम लागालाय." मी तिथेच हसले आणि तिथेच रडले. घराबाहेर कुणी माझ्याशी मराठी बोलल्याला चार महिने झाले होते. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असतील, पण त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले.

मुलांना ते अहो-जाहो करत. "या मंजुळाबाई, बसा. आज शिट्टी कुठल्या गाडीची वाजतीय, मेलची की पॅसेंजरची?" असं म्हणून तिच्या पाठीला कान लावत. डॉक्टरांकडे नळी होती, अण्णांकडे कान. डॉक्टर तमिळ, हुशार आणि तापट. ते तपासून चिठ्ठी लिहीत आणि पुढच्या पेशंटकडे वळत. मग अण्णा खिडकीआड खलात गोळ्या कुटायला बसत. मंजूला पाठीला कान लावून घेणं इतकं आवडायचं, की बरी असतानाही ती वाटेत खिडकीपाशी थांबून पाठ करून उभी राहायची.

तिच्या औषधात दोन औषधं असत. एक शिंका आणि वाहतं नाक थांबवणारं, एक दम मोकळा करणारं. मी एकदा विचारलं, एकाच बाटलीत दोन कशाला? अण्णा म्हणाले, "एक निजवतंय, एक उठवतंय. नुसतं पहिलं दिलं तर लेकरू दिवसभर पेंगतंय, नुसतं दुसरं दिलं तर छाती धडधडतीय. दोघांना मापात एकत्र ठेवलं की ते भांडत नाहीत. माप चुकलं की दोघंबी लेकरावर उठतात." बाटली भरली की ते कागदाची पट्टी दुमडून कात्रीने एकेक खाच पाडत. एक खाच म्हणजे एक डोस. खळ लावून ती पट्टी बाटलीवर चिकटवत. त्या पट्टीवरून बोट फिरवलेलं मी कित्येकदा पाहिलं आहे. एखादी खाच तिरकी वाटली तर पट्टी ओरबाडून नवी कापत. मागे रांग खोळंबायची, आतून डॉक्टर ओरडायचे, अण्णा अर्ध्या कन्नडात म्हणायचे, "सरी सरी, स्वल्प थांबा," म्हणजे बरं बरं, जरा थांबा.

आणि बूच लावण्याआधी काडीचं टोक औषधात बुडवून स्वतःच्या जिभेला लावत. प्रत्येक बाटलीचं. डॉक्टर त्यावरून त्यांची थट्टा करत, की या माणसाने सबंध यशवंतपूरचे आजार चाखले आहेत. अण्णांचं म्हणणं एवढंच, "माझ्या जिभेला न लागलेलं लेकराच्या तोंडात जायचं नाही." मंजूच्या बाटलीत ते आल्याचा पाक घालत. तरी ती थुंकायची. कडू ते कडूच.

आयांवर ते कधी चिडले नाहीत. तापाने फणफणलेल्या मुलाला तीन दिवस घरात ठेवून चौथ्या दिवशी आणणारीलाही नाही. डॉक्टर तिला फैलावर घेत, अण्णा तिला पाणी देत. मला म्हणाले होते, "दम लागलेलं लेकरू आधी आईच्या तोंडाकडं बघतंय. आई घाबरलेली दिसली की त्याचा राहिलेला दमबी जातोय. आईला शिव्या देऊन कुठलं लेकरू बरं होणार?" त्यांनीच मला शिकवलं, की मंजूला मांडीवर पुढे झुकवून बसवायचं, पाठ चोळायची आणि काहीही बोलत राहायचं, भाजीचा भाव सांगितला तरी चालेल, पण आवाज कापता कामा नये. एकदा औषध तयार होईपर्यंत मी त्यांना माझ्या मुलाचं सांगितलं. लोक काय म्हणाले तेही सांगितलं. ते पट्टी कापत राहिले. त्या दिवशी त्यांनी ती तीनदा कापली.

बाटली हातात देताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "दुसरं काही चालू नाही न्हवं?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "नाही."

मंजू चार वर्षांची असतानाचा मार्च. धाकटे दीर मुंबईत एका औषध कंपनीच्या विक्रीखात्यात होते. म्हैसूरला जाताना ते दुपारचे दोन तास आमच्याकडे उतरले. हे कारखान्यात होते. मंजूला खोकताना पाहून त्यांनी बॅगेतून दोन देखण्या बाटल्या काढल्या. नारिंगी रंग, वर हसऱ्या मुलाचं चित्र. "वहिनी, मिक्श्चरं आता गेली. मुंबईत मोठमोठे डॉक्टर हेच देतात, खास मुलांचं. एक चमचा, दिवसातून तीनदा. दादाला मात्र इतक्यात सांगू नका, तो म्हणेल घरातसुद्धा माल खपवायला लागलास." मंजूला एक चमचा दिला तर ती चमचा सोडेना. पुन्हा मागितलं. औषध मागणारी मंजू मी पहिल्यांदा पाहत होते.

आता मी जे केलं ते सांगते. अण्णांचं औषध बंद करायचा मला धीर होईना. दिरांचं न द्यावं, तर इतकी चांगली वस्तू घरात असून पोरीला दिली नाही, हे मनाला खात राहिलं असतं. मी सून होते, दोन्हीकडचं मन राखायची मला सवय होती. वाटीत एक चमचा अण्णांचं औषध घेतलं, त्यावर एक चमचा नारिंगी, बोटाने ढवळलं आणि मंजूच्या तोंडाला लावलं. तिने वाटी चाटूनपुसून रिकामी केली. चार दिवस दम लागला नाही. दुपारी ती जरा जास्त झोपायची, संध्याकाळी जरा जास्त नाचायची, एवढंच. मला वाटलं, माझ्याएवढी शहाणी आई या गावात नाही. चौथ्या दिवशी नवी बाटली आणायला गेले तेव्हा अण्णांनी विचारलं, "दुसरं काही चालू नाही न्हवं?" मी म्हणाले, "नाही." खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. औषध म्हणजे अण्णा देतात ते. हे तर दिरांनी दिलेलं सरबत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी हे कारखान्यात गेले आणि थोड्या वेळात बाजारात मिरचीची पोती उतरायला लागली. मंजूला जो दम लागला तसा त्याआधी कधी लागला नव्हता. मी वाटी दिली. अर्धा तास वाट पाहिली, काही फरक नाही. दुसरी दिली. ओठ निळसर दिसायला लागले. तिसरी दिली. त्या वेळी मला कुणी विहिरीतलं पाणी दे म्हटलं असतं तरी मी दिलं असतं. हळूहळू शिट्टी थांबली. मी देवाला हात जोडले आणि वळून पाहिलं, तर मंजूचा चेहरा लालभडक झाला होता. डोळ्यांच्या बाहुल्या नको इतक्या मोठ्या. हात थरथरत होते, फ्रॉकखाली छाती नुसती धडधडत होती आणि ती माझ्या पदरावरून काहीतरी ओढून काढत होती. "मांजर काढ, मांजर काढ." घरात मांजर नव्हतं. मी म्हणाले, "मंजू, मी आहे, आई आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती किंचाळली. माझ्या मुलीने मला ओळखलं नाही.

शेजारणीने आधीच, मंजूचे ओठ निळे दिसले तेव्हा, कुणाला तरी सायकलवरून कारखान्यात पाठवलं होतं. मी मंजूला छातीशी धरून आणि अण्णांची बाटली मुठीत घेऊन धावत सुटले. बाटली का उचलली, कोण जाणे. नारिंगी बाटली मी मिरचीच्या डब्यामागे ढकलली होती, ती तिथेच राहिली. दवाखान्यात शिरताच अण्णांनी मंजूला माझ्याकडून घेतलं आणि ती त्यांच्या सदऱ्यावर ओकली. अण्णांनी मान खाली करून वास घेतला. त्यात आलं होतं आणि संत्रंही होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, "सकाळपासून किती वेळा?" मी तीन बोटं दाखवली.

तेवढ्यात डॉक्टर आतून आले आणि रस्त्यावरून हे आले. ह्यांनी मंजूची अवस्था पाहिली आणि माझा दंड धरला. "काय दिलंस तिला? बोल, काय दिलंस?" ते वाक्य आता येणार, हे मला ह्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

अण्णांनी मंजूला टेबलावर ठेवलं. माझ्या मुठीतून बाटली काढून घेतली, बूच उपसलं आणि सगळं औषध मोरीत ओतून दिलं. वरून तांब्याभर पाणी टाकलं. मग वळून डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या हातनं चूक झालीया. दोन्ही औषधं दुप्पट पडलीत. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सकाळपासून तीनदा दिलंय. लगेच पोट धुवून घ्या, डॉक्टर. मला मागनं बोला."

डॉक्टरांनी रबरी नळी काढली. मंजूचे पाय मी धरले, डोकं अण्णांनी धरलं. ती नळी, ते पाणी आणि तिचं तडफडणं मी लिहू शकत नाही. तिथून डॉक्टरांच्याच मोटारीतून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. निघताना ह्यांनी अण्णांची गचांडी धरली होती. "पोरीला काही झालं तर तुला जिवंत सोडणार नाही." अण्णा म्हणाले, "होय साहेब." मी मोटारीत बसून ते पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. दिवस कलताना मंजूने डोळे उघडले, माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "आई, मांजर गेलं." मी तिला कुशीत घेतलं आणि तरीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी मिरचीच्या डब्यामागची बाटली काढली. मला इंग्रजी जेमतेम अक्षरं जुळवण्यापुरतं. पण वेष्टनावरची ती दोन लांबलचक नावं अण्णांच्या फळीवरच्या बरण्यांवर मी तीन वर्षं पाहत आले होते. तीच दोन औषधं. तेच निजवणारं, तेच उठवणारं. दोन्ही नारिंगी बाटल्या मी मागच्या गटारात रिकाम्या केल्या.

डॉक्टरांनी अण्णांना त्याच दिवशी काढून टाकलं. हे जेवताना म्हणाले, "तो माणूस गेला एकदाचा. असल्याच्या हाती पोरं द्यायची म्हणजे काय!" मी ह्यांना भाजी वाढत होते. मी म्हणाले, "हो." इतकं सोपं गेलं ते. चार दिवसांत सगळ्या यशवंतपुरात झालं, की अण्णांनी चार वर्षांच्या पोरीला दुप्पट औषध घातलं. ज्या बायकांना त्यांनी पाणी दिलं होतं त्या नळावर सांगायला लागल्या, की आम्हाला आधीपासूनच शंका होती, सारखं काय ते चाखत बसायचे. दुसऱ्या दवाखान्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही. घराघरांतून चमच्यांचे लाल दोरे निघाले. आमच्याकडचा मी स्वतः कात्रीने कापला, कारण हे समोर बसले होते.

सहा महिने मी तशीच राहिले. मंजूची वेणी घालताना, देवाला दिवा लावताना एकच विचार, की आज सांगायचं. आणि रोज एक नवं निमित्त. ह्यांचं डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, मंजूला पुन्हा शिंका सुरू झाल्यात. खरं कारण एकच होतं. मला भीती वाटत होती आणि ती भीती अण्णांच्या अन्नापेक्षा मला मोठी वाटत होती. मला माझी शिसारी यायची. तरी सकाळी उठून मी पोळ्या लाटायचे आणि त्या छान फुगायच्या.

शेवटी दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी मंजूला घेतलं आणि ह्यांना येलहंक्याला मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले. खरं सांगायला जाण्यासाठीही मला खोटंच बोलावं लागलं. अण्णांची बायको देवनहळ्ळीला तिच्या भावाकडे राहायची, अण्णा पूर्वी दर शनिवारी तिकडे जायचे, एवढं मला ठाऊक होतं. बसने येलहंका मागे टाकलं. मंजू खिडकीशी बसून शेतं मोजत होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. गावातल्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीपलीकडे पपनसाची बाग आणि कडेला दोन खोल्या. अण्णा अंगणात फळं निवडत बसले होते. केस सगळे पांढरे झाले होते. मंजू धावत त्यांच्याकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. "अण्णा, नवा माणूस मला 'ए पोरी' म्हणतो." अण्णांनी हात धोतराला पुसले, पण कान लावला नाही. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दारातून त्यांची बायको आली. गंगाक्का. तिने मंजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते कुणी न सांगता ओळखलं. तिने माझ्यापुढे हात जोडले. "अक्का, मी यायला पाहिजे होतं तुमच्या दारात. तोंड दाखवायला लाज वाटली. आमच्या माणसाच्या हातनं तुमच्या लेकराला... मला सहा महिने झोप नाही. देवळात जायचं सोडलं मी. क्षमा करा आमाला." ती वाकायला लागली, मी तिला धरलं. आणि तिथे अंगणात, तिचे दोन्ही हात धरून, मी सगळं सांगितलं. दीर, नारिंगी बाटली, वाटी, तीन वेळा. अण्णांनी मोरीत ओतलेलं औषध निर्दोष होतं. चूक माझी होती, एकटीची.

गंगाक्काने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघा, केवढं मोठं मन! तुमचं नाव राखायला सगळं स्वतःवर घेतायत." मी म्हणाले, "नाही हो, खरंच सांगतेय." ती म्हणाली, "असू दे, अक्का. कळालं मला." मी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही तरी सांगा ना." अण्णांनी एक पपनस उचललं, हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मंजुळाबाई, किती उंच झालाय तुम्ही."

बसपर्यंत ते सोडायला आले. मंजू पुढे उड्या मारत होती. मी विचारलं, "का नाही बोललात? त्या दिवशी नाही आणि आजही नाही."

"त्या दिवशी तुमच्या साहेबांचा हात बघितला मी," अण्णा म्हणाले. "आणि लेकराला शुद्धीवर आल्यावर आई लागणार होती. आई मोडली असती तर माझं औषध बरोबर असून काय उपयोग? मला वाटलं, डॉक्टर चार शिव्या घालतील आणि आठ दिवसांनी परत बोलावतील. इतकं होईल असं वाटलं नाही."

"मग आज?"

त्यांनी मागे घराकडे वळून पाहिलं. "सहा महिने ती माझ्यासाठी लोकांच्या पाया पडलीय, अक्का. उपास केलेत. आज सांगू, की चूक नव्हतीच, मी तुला उगीच रडवलं? ती विचारील, परक्या बाईचं घर राखलंत, मला का जाळलंत?" मग म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, ते मी ऐकलं. मला तेवढं पुरे. सरी, बस आली."

गंगाक्का मागून धावत आली आणि मंजूच्या ओटीत एक भलंमोठं पपनस घातलं. "लेकराला सोलून द्या," म्हणाली. मी ते घेतलं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. जे वाक्य ऐकायला नको म्हणून मी एका माणसाचं आयुष्य मोडू दिलं होतं, ते वाक्य हे बोललेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, आणि मग म्हणाले, "मी त्याची गचांडी धरली होती गं." दुसऱ्या दिवशी हे स्वतः डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, आजच्या आज घेऊन या त्याला. रविवारी आम्ही तिघेही देवनहळ्ळीला गेलो. दोन खोल्यांना कुलूप होतं. गंगाक्काचा भाऊ म्हणाला, ती दोघं गुरुवारीच गावाकडे गेली, बहिणीला इथे लोकांत राहवेना. डॉक्टरांनी निपाणीच्या पत्त्यावर दोन पत्रं घातली. ह्यांनी तीन. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे दोन वर्षांनी हे कामासाठी तिकडे गेले तेव्हा गावात चौकशी केली. अण्णा वारल्याचं कळलं. गंगाक्का कुणा नातेवाइकाकडे राहते म्हणाले, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही.

मंजूचा दम दहाव्या-अकराव्या वर्षी आपोआप गेला. ती आता स्वतः आजी आहे. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं आहे, दिरांनाही सांगितलं होतं. ज्यांना ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतल्या एकीलाच ते पटलं नाही. गंगाक्का कुठे असेल, किती वर्षं जगली असेल, देव जाणे. पण जगली तोवर आपल्या माणसाची चूक उराशी धरून जगली असणार, आणि कधी माझी आठवण काढली असेल, तर मोठ्या मनाची बाई म्हणूनच काढली असेल.